झाकण उघडायचं नाही

"त्यात काय आहे?" एवढंच मी बोललो होतो. चर्चच्या तळघरात, रविवारच्या प्रार्थनेनंतर, हातात कॉफी आणि तोंडात अर्धा डोनट असताना. अख्खा डोनट तोंडात असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण साखर कमी करा असं डॉक्टर म्हणाले होते.

विषय निघाला होता शिकाऱ्यांच्या जेवणाचा. हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो त्या शनिवारी आमच्या गावातले धडधाकट लोक पहाटेपासून जंगलात असतात आणि संध्याकाळी गारठून चर्चमध्ये जेवायला येतात. बायका सकाळीच आपापले विजेवरचे स्लो कुकर आणून तळघरात लावतात. या कुकरला शिट्टी नाही, वाफ नाही, घाई तर अजिबात नाही. दिवसभर मंद आचेवर कोपऱ्यात बसतो आणि संध्याकाळी मांस हाडावरून आपोआप सुटतं. माझी बायको आर्डिस हिचा चिकन स्ट्यू दर वर्षी सगळ्यांत आधी संपतो. त्या रविवारी स्वयंपाक समितीच्या अध्यक्ष मार्लिसबाई तिला म्हणाल्या, "यंदाही तुझंच भांडं आधी खरवडणार बघ लोक."

आता यावर नवऱ्याने गप्प बसायचं असतं. मी बायकोच्या वतीने विनय दाखवायला गेलो. म्हणालो, "त्यात काय आहे? सकाळी कोंबडी टाकायची, बटण फिरवायचं, झाकण लावायचं. पुढचं सगळं मशीनच करतं."

आमच्याकडे आरडाओरडा कोणी करत नाही, आम्ही नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या लोकांची नातवंडं. आम्ही फक्त कॉफीत बघतो. दहा-बारा बायका कॉफीत बघू लागल्या. आर्डिस हसली आणि म्हणाली, "खरंच की रे."

लग्न झालेल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. घरी आल्यावर तिने खुंटीवरचं माझं नारिंगी शिकारीचं जाकीट काढलं आणि आरशासमोर घालून पाहिलं.

"खांद्यात सैल होतंय जरा. पण चालेल."

"कशाला चालेल?"

"शिकारीला. यंदा स्ट्यू तू कर, मचाणावर मी बसते. त्यात काय आहे? झाडावर चढायचं, गप्प बसायचं, हरीण आलं की चाप ओढायचा. पुढचं सगळं बंदूकच करते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी वीस-बावीस वर्षं त्या मचाणावर बसतोय. या काळात मला काय मिळालं हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे. शिकार ही संयमाची साधना आहे असं माझं मत आहे आणि ती साधना मी बरीचशी डोळे मिटून केली आहे.

आता आमच्याकडे अब्रूचा हिशेब कसा असतो ते सांगितलं पाहिजे. जेवणाला आम्ही नावं ठेवत नाही. अगदीच घशाखाली उतरलं नाही तर म्हणतो, "वेगळं झालंय." बस्स, एवढंच. खरा निकाल लागतो जेवण संपल्यावर, प्रत्येक जण आपला कुकर उचलून पार्किंगमधून गाडीकडे जातो तेव्हा. रिकामा कुकर एका हातात झुलतो. भरलेला दोन्ही हातांनी पोटाशी धरावा लागतो आणि तो धरून चालणारा माणूस साऱ्या गावाला दिसतो. लेस्टर ब्रूस्टाडने एकदा अननस घालून कोंबडी आणली होती. सगळे म्हणाले, "वेगळं झालंय." लेस्टर तो कुकर पोटाशी धरून बर्फातून गाडीकडे गेला आणि पुढच्या रविवारपासून पलीकडच्या मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये जायला लागला. म्हणजे मला काय वाचवायचं होतं ते लक्षात आलं असेल. कुकर मला एका हातात घेऊन बाहेर पडायचं होतं.

मी आर्डिसला कृती विचारली.

"कृती कसली?" ती रायफलच्या नळीतून एक डोळा मिटून बघत म्हणाली. "मशीन करतं ना."

मग शेजारधर्म सुरू झाला. समोरच्या हेडविगआजी नव्वदीला टेकल्या आहेत. त्या काठी टेकत मुद्दाम रस्ता ओलांडून आल्या. "बटाटा-गाजर तळाला, कोंबडी वर. उलटं केलंस तर बटाटा दगड राहील आणि कोंबडीचं पीठ होईल. आणि दूध शेवटी हं! माझ्या थोरल्या जावेने आधी घातलं होतं, त्याचं दही झालं. गेली बिचारी."

"दह्याने?"

"छे रे, ती पुढे खूप वर्षांनी गेली. पण लक्षात दहीच राहिलं ना लोकांच्या."

शेजारचा वर्लिन म्हणाला, "बिअर ओत. जरा जास्त झाली तर तूच पी, म्हणजे चव कशीही असली तरी तुला चालेल." हा वर्लिन चर्चचा विश्वस्त. माझं मचाण त्याच्याच जंगलात आहे. त्याचं काम म्हणजे चर्चची इमारत सांभाळणं, आणि सांभाळणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात ठेवणं.

मार्लिसबाईंनी मात्र एकच नियम सांगितला, तोही बोट नाचवून. "झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलंस की अर्धा तास गेला. पुरुषांना राहवत नाही, म्हणून आधीच सांगते."

"आणि कुकर कुठे लावू? आर्डिसच्या सॉकेटला?"

मार्लिसबाईंचा चेहरा सरकारी झाला. आमच्या तळघरात कुठल्या सॉकेटला कोणाचा कुकर हे ठरलेलं असतं आणि माणूस मेल्याशिवाय ते बदलत नाही. "ते सॉकेट आर्डिसच्या नावावर आहे."

"मी तिचा नवरा आहे."

"ते आम्हाला माहीत आहे रे. पण असं नावावर करून देता येत नाही, समितीपुढे यावं लागतं. समिती आता नाताळच्या आधी बसत नाही, निम्मे सभासद जंगलात आहेत." मग त्यांनाच दया आली. "असं कर, मागच्या बाजूला कॉफीच्या विजेच्या पिंपाशेजारी एक सॉकेट मोकळं आहे. तिथे लाव."

ते सॉकेट इतकी वर्षं मोकळं का राहिलं, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी कोंबडी आणली. दुकानातून आणलेली कोंबडी इतकी गोठलेली असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर ठेवली तर कपाटातल्या बशा वाजल्या. मी ती अख्खी कुकरमध्ये बसवून पाहिली; दोन्ही तंगड्या वर राहिल्या आणि झाकण त्यांच्यावर टोपीसारखं डुलायला लागलं. शेवटी तिला आंघोळीच्या टबमध्ये गार पाण्यात सोडली आणि शेजारी स्टूल घेऊन बसलो. आर्डिस दात घासायला आली.

"तिला टॉवेल देऊ का?" तिने विचारलं.

मी कोंबडी पाण्यात उलटी केली. स्वाभिमान म्हणून काही असतं.

शनिवारी उजाडायच्या आत आर्डिस निघाली. माझं जाकीट, माझी टोपी, माझा थर्मास. जाताना म्हणाली, "झोपू नकोस हं दुपारी." हे वाक्य दर वर्षी तीच म्हणते, पण तेव्हा बाहेर पडणारा मी असतो. मी कोंबडीचे तुकडे केले. शल्यविशारदांनी ते बघितले असते तर माझ्यावर खटला भरला असता. बटाटा-गाजर तळाला, सेलरी, कांदा, मूठभर बार्ली, वर कोंबडी. कुकर गाडीत पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला. आर्डिसला मी कधी हाताने पट्टा बांधून दिल्याचं आठवत नाही. तिला तो स्वतःला बांधता येतो.

तळघरात कुकरांची रांगच लागली होती, प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी. मी माझा कुकर पिंपाशेजारी लावला, बटण फिरवलं, झाकण लावलं आणि हात झटकले. म्हटलं ना, त्यात काय आहे? मग टेबलं मांडली, खुर्च्या उघडल्या, एका खुर्चीत बोट चेमटलं.

आता स्लो कुकरची गंमत अशी, की तो चालू असला तरी गप्प आणि बंद पडला तरी गप्प. तळघरातले दिवे वेगळ्या तारेवर आहेत, ते मजेत जळत होते. सगळ्या बायका सांगितल्याप्रमाणे झाकणांना हात न लावता वावरत होत्या. दुपार झाली आणि पास्टर लुंड कॉफी घ्यायला आले. एक घोट घेतला आणि एखादा नास्तिक समोर उभा असावा तसा चेहरा करून म्हणाले, "कॉफी गार आहे."

आमच्या चर्चमध्ये एकदा छप्पर गळून बाप्तिस्म्याच्या वेळी बाळावर पाणी पडलं होतं, तेव्हाही इतका गोंधळ झाला नव्हता. बायका धावल्या. कुणीतरी पिंपाला हात लावला, मग कुणीतरी आपल्या कुकरला हात लावला, मग सगळ्यांनी आपापल्या. रांगेत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे थंडगार! पिंप आणि माझा कुकर एका सॉकेटवर आले तेव्हाच तळघराचा खटका पडला होता. दहा बायकांची दहा जेवणं सकाळपासून नुसती बसून होती.

सगळ्यांनी रिकाम्या कपांत बघितलं.

"खटका वर करा की मग," मी म्हणालो.

"खटक्यांच्या पेटीला कुलूप आहे," मार्लिसबाई म्हणाल्या. "आणि किल्ली वर्लिनच्या खिशात."

"आणि वर्लिन?"

"मचाणावर. आणि मचाणावर तो फोन बंद ठेवतो, हे तुझ्याहून जास्त कोणाला माहीत?"

जाणं भाग होतं. पण मोसमाच्या पहिल्या दिवशी अंगावर नारिंगी नसताना जंगलात शिरणं म्हणजे कपाळावर 'हरीण' असं लिहून घेणं, आणि माझं जाकीट आर्डिसच्या अंगावर होतं. मार्लिसबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, एका टेबलावरचं नारिंगी प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ ओढलं आणि माझ्याभोवती दोनदा गुंडाळून खांद्यावर गाठ मारली. त्याच्यावर भोपळे छापलेले होते. कडेला 'देवाचे आभार माना' असं होतं. ते नेमकं माझ्या पाठीवर आलं.

अशा थाटात मी वर्लिनच्या जंगलात शिरलो. ते प्लॅस्टिक पावलागणिक इतकं कुरकुरत होतं की खारी झाडांवरून खाली बघत होत्या. वर्लिनचं मचाण दिसलं, वर वर्लिन दिसला. गाल रायफलला टेकलेला, एकदम निश्चल. मी आनंदाने हाक मारली, "वर्लिऽऽन! किल्ली!"

पलीकडच्या झुडपातून एक नर उसळला. एवढी शिंगं मी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. तो एका उडीत ओढा पार करून पूर्वेकडे पसार झाला.

वर्लिनने रायफल मांडीवर ठेवली. मग खाली न बघता म्हणाला, "तीन वर्षं. तीन वर्षं मी त्या प्राण्याची वाट बघतोय, ओरिन."

"कॉफी गार झालीय," मी म्हणालो.

हे कारण त्याला पटलं. शेवटी तोही आमच्याच चर्चचा. किल्ली वरून माझ्या अंगावर फेकत तो म्हणाला, "देवाचे आभार मान, की चाप ओढायच्या आधी मी तुझी पाठ वाचली."

खटका वर झाला, पिंप गुरगुरलं, कुकर पुन्हा आपल्या गप्प कामाला लागले. माझा कुकर आता आर्डिसच्या सॉकेटवर होता. समितीने नियमाला बगल दिली, ती दयेपोटी नव्हे, कॉफीपोटी. पण सगळ्यांनी मनात हिशेब केला होता. जेवायच्या वेळेला कुठलीच कोंबडी शिजलेली नसणार. हेडविगआजी माझ्या दंडावर थोपटून म्हणाल्या, "मेथडिस्टांची कॉफी बरी असते म्हणे."

अंधार पडला. शिकारी यायला लागले, बुटांवरचा बर्फ झटकत, हात चोळत. आमच्याकडे पास्टर प्रत्येकाचं नाव घेतात आणि जंगलातला शेवटचा माणूस आल्याशिवाय जेवणाची प्रार्थना म्हणत नाहीत. फार पूर्वी एक जण मचाणावरून पडून पाय मोडून रात्रभर तिथेच राहिला होता आणि इकडे लोक पाय खात होते, सफरचंदाचा. तेव्हापासून ही रीत.

सगळे आले. आर्डिस आली नाही.

वर्लिन आला तो माझ्याशी नजर न मिळवता पास्टरांकडे गेला. "तिच्या मचाणापाशी जाऊन आलो. मचाण रिकामं आहे. दुपारी तिकडून एक बार ऐकू आला होता, मग काही नाही." त्याने दोन माणसं घेतली, टॉर्च घेतले. मीही निघालो, तर मार्लिसबाईंनी दंड धरला.

"तू इथेच थांब. अंधारात आणखी एक माणूस शोधायला लावू नकोस."

मी कुकरपाशी थांबलो. दुसरं कुठे थांबणार? लोक हळू आवाजात बोलत होते. मी झाकणाच्या काचेत बघत होतो. आत काय चाललंय ते वाफेने दिसत नव्हतं आणि मला बघायचंही नव्हतं. तिने जुने बूट घातले होते की नवे, तेच मला आठवेना. सकाळी तिला साधं "सांभाळून जा" तरी म्हटलं होतं का? नव्हतं. मी कोंबडीशी बोलत होतो. देवाला म्हटलं, हवं तर दहाही कुकर भरलेले पोटाशी धरून पार्किंगमधून चालतो, सगळ्या गावासमोर, दोन फेऱ्या मारतो. नुसती ती येऊ दे.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. माझं जाकीट दारात उभं होतं, कोपरापर्यंत चिखलाने माखलेलं, आत आर्डिस. टोपीत काटक्या, नाक लालभडक. मागे वर्लिन धापा टाकत होता.

विचारायला माझ्याकडे पुष्कळ होतं. कुठे होतीस, फोन का केला नाहीस, जीव घेतेस का माझा. पण तिचे गारठलेले हात दिसले आणि मला एकदम काहीतरी आठवलं. मी मोसमाच्या या दिवशी दर वर्षी याच दारातून हात हलवत परत आलोय. दर वर्षी. आणि आर्डिसने एकदाही "काय मिळालं?" असं विचारलेलं नाही. ती आधी वाडगा भरून समोर ठेवते.

मी झाकण उघडलं. दिवसभरात पहिल्यांदा. वाडगा भरला आणि तिच्या हातात दिला.

"काय मिळालं, विचारणार नाहीस?" ती म्हणाली.

"आधी जेव."

तिने माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग पास्टरांनी घाईघाईने प्रार्थना उरकली, कारण ती चमचा उचलायच्या बेतात होती. सगळं तळघर बघत होतं. तिने एक घास घेतला, चावला, गिळला.

"वेगळं झालंय," ती म्हणाली.

कुणाचा तरी चमचा खाली पडला. मी मनातल्या मनात मेथडिस्टांच्या चर्चचा रस्ता आठवला. आर्डिसने शांतपणे वाडगा संपवला आणि माझ्यापुढे केला. "अजून घाल."

मग लोक तुटून पडले. एवढ्या उशिराने कोंबडी छान शिजली होती, माझी आणि सगळ्यांचीच, आणि एवढ्या उशिराने भूकही अशी लागली होती की मी टेबलक्लॉथ शिजवलं असतं तरी संपलं असतं. जेवता जेवता हकीकत बाहेर आली. आर्डिसने नर मारला होता. ओढ्यापलीकडे पडला, तो एकटीने ओढत आणताना तिला अंधार झाला. वर्लिनने तो बाहेर आमच्या गाडीच्या टपावर बांधला होता, सगळे वाडगे घेऊन बघून आले. असली शिंगं गावात कित्येक वर्षांत कुणी आणली नव्हती.

"कसा काय मारलास ग?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"त्यात काय आहे?" आर्डिस माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी झाडावर बसले होते. तो आपणहून धावत आला."

"आपणहून?" वर्लिन उभा राहिला. "भोपळे नेसलेल्या माणसाने त्याला हाका घालून तुझ्याकडे पाठवला, बाई! माझ्या नळीसमोरून!"

पुढचा बराच वेळ तळघरात हसण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी पुन्हा एकदा गारठलेल्या माणसासारखं कॉफीत बघितलं. ती मात्र गरम होती.

शेवटी माझ्या कुकरच्या तळाशी एक बटाटा उरला. आमच्याकडे शेवटचा घास कोणी घेत नाही, लाज वाटते. एकाने त्याचा अर्धा घेतला, दुसऱ्याने अर्ध्याचा अर्धा, हेडविगआजींनी त्यातला चिमूटभर. उरलेला तुकडा बोराएवढा होता आणि सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे होते. त्या तुकड्यापायी कुकर अजून रिकामा नव्हता. आर्डिस आली, तिने चिखलाच्या बोटांनी तो तुकडा उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला.

मी कुकर एका हातात घेऊन पार्किंगमध्ये आलो. मुद्दाम लांबच्या वाटेने. टपावर नर होता, शेजारच्या सीटवर आर्डिस पेंगत होती. मी वाकून तिचा पट्टा लावून दिला.

"आर्डिस, पुढच्या वर्षी माझं मचाण..."

"मचाण माझं," ती डोळे न उघडता म्हणाली. "सॉकेट तुझ्या नावावर करायला सांगितलंय मी मार्लिसला. आणि दूध विसरलास."